सायलेन्सरवर डबा आहे का बघा: सरकारी लिलावात जुनं मशीन घेताना

सरकारी लिलावात पोकलेन नाहीतर डोझर घ्यायला निघालेला माणूस मला फोन करतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मिस्त्री, कितीपर्यंत जाऊ?" मी विचारतो, "ते शेवटचं कधी चाललं आणि कशानं थांबलं?" पलीकडे शांतता. मग, "ते काय लिस्टमध्ये दिलं नाही." नसतंच दिलेलं. लिस्टमध्ये एक ओळ असते. 'एक्स्कॅव्हेटर, १ नग, जसे आहे जिथे आहे.' त्या ओळीवर लाखांची बोली लावायची असते.

मी बार्शीचा. पंधरा-सोळा वर्षं दुसऱ्यांच्या मशीनखाली पाठीवर पडून काढली, मग हळूहळू स्वतःची दोन मशीनं केली. शेततळी, विहिरीची कामं, उन्हाळ्यात तलावातला गाळ, असं चालतं. दोन्ही मशीनं सरकारी लिलावातली. त्याआधी एक डोझर घेतला होता, तोही तिथलाच. त्याचं पुढे सांगतो. घरात त्याचं नुसतं नाव काढलं तरी बायको स्वयंपाकघरातून वाकून बघते.

खासगी मालकाचं मशीन विकायला येतं तेव्हा बहुतेक वेळा त्यातलं तेल-पाणी सगळं पिळून झालेलं असतं. सरकारी मशीनचं तसं नाही. ते थांबायला शंभर कारणं. ऑपरेटर रिटायर झाला आणि जागा भरली नाही. पंपाला सील किट हवा होता, पण त्या वर्षी दुरुस्तीला पैसेच आले नाहीत. नाहीतर ठरवून दिलेलं आयुष्य, तासांत किंवा वर्षांत, कागदावर पुरं झालं. मग निर्लेखनाचा, म्हणजे मशीन दप्तरातून कमी करायचा प्रस्ताव जातो, तो टेबलाटेबलावरून फिरतो, आणि तोपर्यंत मशीन यार्डात बाभळीखाली दोन-तीन पावसाळे खातं. असं कागदानं थांबलेलं मशीन आपल्या कामाचं.

दुसरं असतं ते खरोखर मोडून थांबलेलं. आणि एकदा उभं राहिलं की ते यार्डाचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. शेजारचं मशीन चालू ठेवायला त्याचा स्टार्टर गेला, मग अल्टरनेटर, मग फीड पंप. यात चोरी नसते, साहेबांच्या परवानगीनं जातं बरंचसं. पण लिलावाच्या यादीत ते अजून 'डोझर, १ नग' असंच राहतं.

लांबून ही दोन्ही सारखीच दिसतात. त्यांतला फरक ओळखणं हेच या धंद्यातलं निम्मं काम.

लिलाव कुठे लागतात

मोठा भाग एमएसटीसीच्या पोर्टलवर. ही केंद्र सरकारची कंपनी, १९६४ ची, मुख्यालय कोलकात्याला. नावातलं एमएस म्हणजे मेटल स्क्रॅप. केंद्राची खाती, सरकारी कंपन्या, बरीच राज्यांची खाती आपला माल तिथे विकायला देतात. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरही आता सरकारी माल विकायचे लिलाव लागतात. जिल्हा परिषद, नगरपालिका यांच्याकडे अजूनही कधीकधी तोंडी लिलाव होतो. पेपरात 'जाहीर लिलाव सूचना' येते, अंगणात पन्नास माणसं जमतात आणि साहेब सरकारी बोली पुकारतात. ती किमान किंमत म्हणजे अपसेट प्राइस, पण आमच्याकडे सगळे तिला 'ऑफसेट' म्हणतात, कारकुनासकट. तुम्ही शहाणपणा करून सुधारायला जाऊ नका.

पोर्टलवर खरेदीदार म्हणून नोंदणी करावी लागते: पॅन, जीएसटी, बँकेचे कागद. काही लिलावांना डिजिटल सही लागते. हे सगळं लिलाव बघून करायला घेतलंत तर तो लिलाव गेलाच समजा. आधी करून ठेवा, मग महिनाभर नुसते लिलाव बघत बसा. कोणतं मशीन कितीला जातंय याचा अंदाज त्यातूनच येतो. आणि एक, पैसे भरायचे ते पोर्टलच्या खात्यातच. 'साहेबांशी ओळख आहे, लॉट तुमच्याच नावावर करून देतो' म्हणणारा भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

विदर्भातल्यांना अजून एक वाट आहे. चंद्रपूर, वणी, उमरेड भागातल्या उघड्या कोळसा खाणींतली मशीनं आयुष्य संपलं की 'सर्व्हे-ऑफ' होऊन विक्रीला येतात. बीईएमएल या सरकारी कंपनीचे डोझर, मोठे डंपर. डोझर एकवेळ ठीक. पण खाणीतला डंपर रस्त्यावर चालवायचा नसतोच. रुंदीच इतकी की तो सुटा करून न्यावा लागतो. तुमचा स्पेअर पार्टचा धंदा असेल तर घ्या, नाहीतर फोटो काढून घरी या.

यादी वाचताना

अटींची पानं कंटाळवाणी असतात म्हणून लोक सोडून देतात. मी त्यांत चार गोष्टी शोधतो.

लॉट, म्हणजे एका बोलीत मिळणारा माल, नगावर आहे की वजनावर. वजनावर असेल तर ते मशीन म्हणून नाही, भंगार म्हणून विकतायत. काही ठिकाणी तर ते तिथेच कापून न्यायची अट असते, अख्खं उचलू देत नाहीत.

लॉटमध्ये सोबत काय बांधलंय. रोलरबरोबर चाळीस रिकामे बॅरल, फाटके टायर आणि एक मोडकी पाण्याची टाकी असा लॉट मी पाहिलाय. सगळं उचलावं लागतं, हवं ते घेऊन नको ते ठेवता येत नाही. त्यात जुन्या बॅटऱ्या नाहीतर वापरलेलं ऑइल असेल तर ते फक्त परवानाधारक पुनर्वापरवाल्यांना घेता येतं.

टायरवरचं मशीन आहे का. जेसीबी, टायरची क्रेन, टिपर यांना आरटीओचा नंबर असतो. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांपुढच्या गाड्यांची नोंदणी चालू राहत नाही, त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच जायला हव्यात. असे लॉट त्या केंद्रांसाठीच असतात, तुम्ही-आम्ही बोली लावू शकत नाही. आमच्या ओळखीतल्या एकानं पंधरा वर्षांपुढची सरकारी जेसीबी 'स्वस्तात मिळतीय' म्हणून नातेवाइकांकडून पैसे गोळा केले होते, नंतर अट वाचली. म्हणून मी आता चेनच्या मशीनकडेच बघतो. त्याला सहसा नंबरच नसतो.

आणि चौथं म्हणजे विक्री लगेच पक्की होते की 'मंजुरीच्या अधीन'. मंजुरीच्या अधीन असेल तर तुमची बोली सगळ्यांत वर राहूनही खात्यानं हो म्हणेपर्यंत थांबायचं. तोवर बयाणा अडकलेला. एकदा माझे दीड महिना अडकले आणि शेवटी उत्तर आलं, नामंजूर.

पाहणीचा दिवस

पाहणीला तारखा दिलेल्या असतात, त्या दिवशी सकाळी लवकर जा. लवकर म्हणजे उन्हात पत्रा तापायच्या आत, आणि भंगारवाल्यांची मंडळी यायच्या आत. मशीन चालू करून दाखवणार नाहीत, बॅटरीच नसते. पण न चालवता खूप कळतं. माझ्या पिशवीत टॉर्च, लोहचुंबक, टेप, खडू, जुनं फडकं, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन छोट्या बाटल्या आणि लांब दांड्याचा सॉकेट पाना असतो. आणि एक काठी, कारण केबिनमध्ये काय राहायला आलंय सांगता येत नाही. एकदा सीटखालून धामण निघाली, एकदा गांधीलमाश्यांचं पोळं.

मी पहिल्यांदा मशीनजवळ जात नाही. लांबूनच वर बघतो, सायलेन्सरकडे. सायलेन्सरचं तोंड आभाळाकडे उघडं असेल तर तिथून पावसाचं पाणी टर्बोत आणि पुढे सिलिंडरमध्ये जातं. दोन पावसाळ्यांत पिस्टन लायनरला धरून बसतो. म्हणून जाणता ऑपरेटर मशीन उभं करताना सायलेन्सरवर रंगाचा रिकामा डबा उपडा घालतो. डबा असेल तर समजावं, हे उभं करणाऱ्याला ते परत चालेल असं वाटत होतं. मोडून पडलेल्या मशीनवर कोणी डबा घालत नाही.

मग बूम, म्हणजे मशीनचा मोठा हात, कशी टेकवली आहे ते बघतो. तिच्या पुढचा आखूड हात म्हणजे आर्म. बूम आणि आर्म पुढे लांब पसरून टेकवलेले असतील तर सिलिंडरचे रॉड बरेचसे आत असतात. आर्म आत ओढून, बकेट दुमडून उभं केलं असेल तर रॉड उघडे राहतात. त्यांवर ग्रीस फासलेलं असलं तर नशीब. नसलं तर फडक्यानं पुसून नखानं घासून बघा. नखाला खड्डा लागला की तो रॉड सील खाणार. रॉडला परत क्रोम करून घेता येतं, पण पोकलेनला चार सिलिंडर असतात, खर्च चारानं गुणा.

आता इंजिन. डिपस्टिक काढा. तेल काळं असेल तर चांगलं, काळं म्हणजे वापरलेलं. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. खुणेच्या बरंच वर असलं तरी तेच, पाणी खाली बसून तेल वर उचललं गेलेलं असतं. रेडिएटरचं झाकण उघडून बोट फिरवा, तेलाचा तवंग येतो का. मग तिथल्या माणसाला विचारून पुढच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावा आणि दांड्यानं हळू इंजिन फिरवून बघा. हळूच, जोर लावायचा नाही. दबाव देत देत फिरलं तर जिवंत आहे. अजिबात हललं नाही तर जाम आहे, आणि जाम इंजिनचा खर्च मी कायम पूर्ण ओव्हरहॉलचा धरतो. पाणी गेल्यासारखं दिसलं असेल तर फिरवायच्या भानगडीतच पडू नका.

हायड्रॉलिक टाकीतलं थोडं तेल मिळालं तर बाटलीत घ्या आणि उन्हात धरा. ढगाळ दिसलं तर पाणी, करपट वास आला तर पंप तापलेला. तळाशी चमकणारी पूड दिसली तर लोहचुंबक बाटलीला बाहेरून लावा. पूड त्याच्यामागे सरकली तर ती पोलादाची, आणि नाही सरकली तर खूश होऊ नका, पितळेची असेल. पंपाच्या आतले काही भाग पितळेचे असतात.

चेनकडे लोक फक्त 'आहे का' एवढंच बघतात. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाचे दात बघा. ते बाभळीच्या काट्यासारखे टोकदार झाले असतील तर चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही गेले, नवीन चेनला जुनं स्प्रॉकेट चालत नाही. चेनचा ताणलेला भाग टेपनं मोजा, एका पिनपासून पाचव्या पिनपर्यंत. नव्या चेनचं माप आधीच विचारून लिहून न्या. जितकी लांबी वाढली तितकी आतली बुश-पिन झिजली. खालचे रोलर एकेक बघा, तेल गळून माती चिकटलेला रोलर बसलेला असतो. सगळा खालचा भाग बदलायचा झाला तर कित्येकदा मशीनच्या बोलीएवढाच खर्च येतो, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

शेवटी काय नाही ते मोजा. स्टार्टर, अल्टरनेटर, टर्बो, फीड पंप, कंट्रोलर, केबिनमधला मॉनिटर, वायरिंग. नव्या जमान्याच्या मशीनमध्ये कंट्रोलर आणि मॉनिटर गेले असतील तर इंजिन कितीही चांगलं असो, ते गप्पच बसतं. प्रत्येक कव्हर उघडा आणि प्रत्येक कव्हर उघडलेला फोटो काढा, तारखेसह. का, ते डोझरच्या गोष्टीत कळेल.

तास दाखवणाऱ्या मीटरवर मी विश्वास ठेवत नाही. पायाखालच्या पेडलचं रबर, सीटची उजवी कड, जॉयस्टिकची मूठ हे खरं बोलतात.

चहा आणि लॉगबुक

मशीन बघून झालं की तसंच निघायचं नाही. यार्डातल्या चौकीदाराबरोबर चहा घ्या. शक्य असेल तर हिस्ट्री बुक आणि लॉगबुक बघायला मिळतं का विनंती करा. काही साहेब दाखवतात, काही नाही. लॉगबुकात शेवटची पानं बघायची. शेवटच्या महिन्यात रोज सात-आठ तास चाललंय आणि एके दिवशी पानं थांबली, पुढे काहीच नाही, तर कारण बहुतेक कागदाचं. शेवटची पानं 'ब्रेकडाउन', 'ब्रेकडाउन', 'पार्टची मागणी केली' अशी असतील तर समजून घ्या.

माझं पहिलं पोकलेन मिळालं ते असंच. एका धरणाजवळचं यार्ड, वीस टनी मशीन, रंग उडून गुलाबी झालेला, पण सायलेन्सरवर डबा. चौकीदार म्हणाला, "हे तात्यांचं. ते गेले आणि हे बसलं." मला वाटलं तात्या वारले. ते रिटायर झाले होते, पंधरा किलोमीटरवर गावात गोठा सांभाळत होते. दुपारी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"कोण पायजे?"

"तात्या, ते यार्डातलं पोकलेन लिलावात निघालंय. चौकीदारानं तुमचं नाव सांगितलं."

त्यांनी बादली खाली ठेवली. "डबा हाय का अजून?"

"आहे की."

मग बाजेवर बसवून घेतलं. तासभर सांगत होते. टर्बो त्यांच्या रिटायरमेंटच्या वर्षभर आधी बदललेला. डावी चेन सैल सोडलीय, कारण चेन ताणणारा अ‍ॅडजस्टर गळतो. पंप ठीक. "फक्त स्विंगचा, म्हणजे वरचं धड फिरतं त्याचा, ब्रेक धरत नाही. उतारावर उभं करून वर फिरवू नका, बकेट आपसूक खाली जाती. मी दोनदा लिहून दिलं होतं." मी वहीत लिहून घेतलं. निघताना म्हणाले, "भंगारात नका घालू." तेवढंच.

त्या तासाभरात कळलं ते मला तीन दिवस पाहणी करूनही कळलं नसतं. आणि ते कोणाही बोलीदाराला कळू शकत होतं, फक्त तिथवर गाडी वळवायला हवी होती.

आता डोझर

त्याआधीची, २०१९ ची गोष्ट. एका सरकारी यार्डात डोझर होता. पाहणीला गेलो तेव्हा उशीर झालेला, ऊन मरणाचं. ब्लेड जाड, चेन निम्मी शिल्लक, इंजिन दांड्यानं फिरलं. झालं, मी भाळलो. बाजूची कव्हरं उघडलीच नाहीत, सोळा-सोळा बोल्ट गंजलेले, कोण खोलत बसणार. ४ लाख ८० हजारांना लॉट लागला.

उचलायच्या दिवशी लोबेड, म्हणजे मशीन वाहणारा बुटका ट्रेलर आला, एका भाड्याच्या पोकलेननं डोझर रॅम्पवर ओढायला घेतला. बंद डोझर ओढताना कुरकुरतो, अडतो, चेन घासते. हा मात्र बैलगाडीसारखा सुरसुर आला. मी खूश. ड्रायव्हरला म्हणालो, "बघा, किती हलका चाललाय." माझा हेल्पर, वीस वर्षांचं पोर, हळूच म्हणाला, "दादा, लईच हलका चाललाय."

घरी आणून कव्हर खोललं. फायनल ड्राइव्हचे, म्हणजे चेनला ताकद देणारे गिअर दोन्ही बाजूंचे काढून नेलेले. आत एक जुनी गोणी कोंबलेली. कव्हर मात्र नीट, सगळ्या बोल्टांसह परत बसवलेलं. 'जसे आहे जिथे आहे' म्हटल्यावर भांडणार कोणाशी? तो माल माझ्या पाहणीच्या आधी गेला की नंतर, हेसुद्धा सांगता येईना, फोटोच काढला नव्हता. कर, लोबेड, हायड्रा क्रेन धरून ६ लाखांच्या घरात गेलो होतो. शेवटी गॅसकटरनं तोडून विकला, हातात सव्वाचार लाख आले.

तेव्हापासून फोटो. उचलायला जाल तेव्हा फोटो समोर धरून एकेक भाग तपासा. काही गायब दिसलं तर मशीन उचलायच्या आधी तिथल्या साहेबांना लेखी द्या आणि पोच घ्या. फाटकाबाहेर पडल्यावर कोणी ऐकत नाही.

किती बोली लावायची

दोन आकडे काढायचे. खालचा आकडा भंगाराचा. मशीनचं वजन गुणिले त्या दिवशीचा भाव. आमच्याकडचं भंगार बहुतेक जालन्याच्या भट्ट्यांकडे जातं, म्हणून तिथला भाव विचारायचा. समजा वीस टनी मशीन, किलोला ३० रुपये, म्हणजे ६ लाख. त्यातून कापणी, वाहतूक, रबर-काच-तेलाचं वजन वजा करा, हातात ५ राहतात. काउंटरवेट, म्हणजे तोल सांभाळायला मागे बसवलेलं वजन, ठोकून बघा. काही मशीनमध्ये ते ओतीव लोखंडाचं असतं, काहींत पत्र्याच्या पेटीत काँक्रीट भरलेलं असतं, आणि काँक्रीटला जालन्यात भाव नाही. हा आकडा भंगारवाल्यांचा. त्याच्या खाली मशीन तुम्हाला मिळणार नाही.

वरचा आकडा आपला. तो उलटा काढायचा. तसंच मशीन चालू हालतीत बाजारात कितीला मिळतं? समजा १६ लाख. दुरुस्तीचा अंदाज साडेपाच. त्याच्या निम्मे, पावणेतीन, न दिसलेल्या गोष्टींसाठी. हे निम्मे कापायला जीवावर येतं, पण मी एकदाही ते वाचलेले पाहिले नाहीत. लोबेड आणि हायड्रा पाऊण लाख. उरले ७ लाख. आता बोली ही बहुतेक वेळा कर सोडून असते. जीएसटी १८ टक्के. तुम्हाला कराची वजावट मिळत नसेल तर ७ लाखांना १.१८ नं भागा, ५ लाख ९३ हजार. वजावट मिळत असेल तर ७ पर्यंत जाता येतं, पण कराचे पैसे आधी खिशातून जातात हे विसरू नका. विकणारी सरकारी कंपनी असेल तर कर तीच लावून घेते. सरकारी खातं किंवा नगरपालिका असेल आणि तुमच्याकडे जीएसटी नंबर असेल तर तो कर तुम्हीच भरायचा असतो, उलट पद्धतीनं. लॉटप्रमाणे टीसीएस, म्हणजे विकणारा वसूल करतो तो आयकरही लागू शकतो. एकदा सीएला दाखवून घ्या.

दोन्ही आकड्यांत अंतरच उरत नसेल तर तो लॉट भंगारवाल्यांसाठी सोडा.

बोलीच्या दिवशी

आकडा कागदावर लिहून लॅपटॉपवर चिकटवा. शेवटच्या मिनिटांत कोणी बोली लावली की वेळ आपोआप पुढे सरकते, परत लावली की परत सरकते. ११ ला संपणारा लिलाव दीडपर्यंत चाललेला मी बघितलाय. समोर कोण आहे ते दिसत नाही, नुसता आकडा वर चढतो आणि आपला हात शिवशिवतो. माझी बायको शेजारी बसते. तिला पोकलेनमधलं काही कळत नाही, पण चिकटवलेला आकडा वाचता येतो.

यार्डात पाहणीच्या दिवशी कोणीतरी खांद्यावर हात टाकून म्हणेल, "तुम्ही नका उतरू, आपण नंतर वाटून घेऊ." ही रिंग. बेकायदेशीर आहे, आणि तो वाटा कधी मिळत नाही. हसून पुढे जा.

लॉट लागला की विक्रीचं पत्र येतं, त्यात पैशांची तारीख असते. ती चुकली की बयाणा जप्त. बँकेचं कर्ज काढून जुनं सरकारी मशीन घ्यायचा विचार असेल तर आधी बँकेला विचारा. बहुतेक बँका अशा मशीनवर पैसे द्यायला नाखूश असतात, आणि हातात दिवस कमी असतात. पैसे भरल्यावर डिलिव्हरी ऑर्डर, मग उचलायची मुदत. मुदत संपली की दिवसाला जागाभाडं. म्हणून लोबेडवाल्याशी आधीच बोलून ठेवा. यार्डाच्या फाटकाची रुंदी आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा पाहणीच्या दिवशीच बघून ठेवा. स्वतः जाणार नसाल तर माणसाला अधिकारपत्र द्या. ई-वे बिल काढा. विक्रीपत्र, पावत्या, डिलिव्हरी ऑर्डर, गेट पास या सगळ्यांच्या तीन प्रती ठेवा. चेनच्या मशीनला आरसी नसते, मालकीचा पुरावा म्हणजे हीच कागदं. पुढे विकायला निघाल तेव्हा गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच मागतं.

चालू करण्याआधी

मशीन घरी आलं की बॅटरी लावून स्टार्टर मारायची घाई होते. गावातली पोरं जमलेली असतात, मोबाइल काढून. नका मारू. डिझेल टाकी पूर्ण रिकामी करून धुवा, तळाला चिखल निघतो. इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट नवीन. हायड्रॉलिक तेल निदान गाळून, जमलं तर बदलून. टर्बोची तेलाची नळी सोडून त्यात थोडं स्वच्छ तेल ओता. मग डिझेल बंद ठेवून दहा-दहा सेकंद नुसतं फिरवा, तेलाचा दाब येईपर्यंत. दाब आला की डिझेल चालू.

पोकलेन चालू करायला मी तात्यांना गाडी पाठवून आणलं होतं. तिसऱ्या झटक्याला धरलं, आधी पांढरा धूर, मग काळा, मग नुसता आवाज. त्यांनी बूम उचलून पाहिली, चेन एकदा पुढे एकदा मागे घेतली, आणि खाली उतरून डावा अ‍ॅडजस्टर बघायला वाकले.

पहिले पन्नास तास आमच्याच रानात चालवलं, मग परत तेल बदललं. अ‍ॅडजस्टर बदलला. स्विंगचा ब्रेक अजून तसाच आहे, उतारावर फिरवत नाही.